सहा साखळ्या चौदा आणे

आमच्या शेताचं जुनं टिपण, म्हणजे मोजणीच्या वेळी हाताने काढलेला मापांचा कच्चा नकाशा, मी पहिल्यांदा नीट बघितलं ते फोनच्या स्क्रीनवर. काकांनी झेरॉक्सचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला होता, कोपऱ्यात त्यांच्या हाताची सावली पडलेली. मधून एक लांब रेघ, तिच्या दोन्ही अंगांना काटकोनात निघालेले लंब, आणि प्रत्येक रेघेच्या कडेला बारीक अक्षरात आकडे. वरच्या अंगाला आमची एक त्रिकोणी पट्टी आहे, तिच्या बांधावर लिहिलं होतं ६-१४.

नानांनी (माझे वडील) मला एवढंच सांगितलं होतं की आकडे साखळीत आहेत आणि साखळी तेहतीस फुटाची. मग काय, एक्सेल उघडलं, ६.१४ गुणिले ३३ केलं, उत्तर आलं २०२.६२ फूट. काकांना फोन करून सांगितलं की कागदाप्रमाणे बांध दोनशे अडीच फुटाच्या आसपास भरतो. ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, अरे बांध तर चांगला सव्वादोनशे फुटाच्या वर आहे, मी परवाच टेप लावून बघितलाय.

म्हणजे चोवीसेक फूट जास्त. आणि जास्त याचा अर्थ सरळ होता, की आमच्यापैकी कुणीतरी, म्हणजे बहुतेक आजोबांनी, पलीकडच्याची जमीन दाबली. नाना त्या रात्री नीट जेवले नाहीत. आजोबा बांध कोरणाऱ्यातले नव्हते असं ते आम्हाला लहानपणापासून सांगत आलेत, आणि आता त्यांच्याच मुलाने एक्सेलमधून काढून दाखवलं की होते. दोन दिवस घरात कुणी तो विषय काढला नाही, मी पण नाही.

तिसऱ्या दिवशी मामांच्या ओळखीच्या एका निवृत्त भूकरमापकांना फोन लावला. त्यांनी फोटो मागवला, बघितला आणि पहिलाच प्रश्न विचारला: "मधली रेघ टिंब समजून वाचलीत का?" हो म्हणालो. "ते टिंब नाही. सहा साखळ्या, चौदा आणे. साखळीचे आणे सोळा."

सोळा! सहा साखळ्यांचे १९८ फूट. एक आणा म्हणजे तेहतीस भागिले सोळा, २.०६२५ फूट, म्हणजे दोन फूट पाऊण इंच. चौदा आण्यांचे २८.८७५ फूट. एकूण २२६.८७५. काकांचा टेप बरोबर होता, आजोबा बरोबर होते, मी फक्त सोळाच्या घरातला आकडा दहाच्या घरात नेऊन ठेवला होता. नानांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, उठून अंगणात गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले.

तेव्हापासून या मापांनी मला धरून ठेवलंय. त्या गृहस्थांकडे नंतर दोन-तीनदा जाऊन बसलो, घरातले जुने कागद काढले, आणि जे कळत गेलं ते इथे लिहून ठेवतोय, कारण ज्यांच्याकडे जुनी टिपणं आहेत अशी माणसं खूप आहेत आणि ६-१४ ला ६.१४ वाचणारा मी एकटा नसणार.

आधी तेहतीसच का ते सांगतो, कारण ते कळल्यावर मला खरोखर आनंद झाला होता. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद तुकडा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. गुंठा १०८९ चौरस फुटांचा हे आपण पाढ्यासारखं पाठ केलेलं असतं, पण तो इतका विचित्र आकडा कुठून आला हे मी आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. तो साखळीतून आला! एक साखळी बाय एक साखळी, एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे ४३,५६० चौरस फूट, एक एकर. वारात बघितलं तर अकरा वार बाय अकरा वार, १२१ चौरस वार. क्रिकेटची पिच बावीस वारांची असते, म्हणजे अर्ध्या पिचएवढी बाजू घेऊन चौकोन आखला की तो बरोबर एक गुंठा.

त्या बावीस वारांची गोष्ट अजून मागे जाते. एडमंड गंटर नावाचा इंग्रज गणिती लंडनच्या ग्रेशम कॉलेजात खगोलशास्त्राचा प्राध्यापक होता, त्याने १६२० मध्ये मोजणीसाठी ६६ फुटांची साखळी मांडली, १०० कड्यांची, एकेक कडी ७.९२ इंचाची. कडीचा आकडा बघून वाटतं हे काय भलतंच, पण त्याचं डोकं कुठे चाललं होतं ते बघा. इंग्लंडातली जुनी मापं सगळी चारच्या, चाळीसच्या घरातली आणि त्याला हिशोब दहाच्या घरात हवा होता. त्यांचा रॉड साडेसोळा फुटांचा, चार रॉड म्हणजे ६६ फूट, चाळीस रॉड म्हणजे फर्लांग, आणि एकर म्हणजे एक फर्लांग लांब, चार रॉड रुंद पट्टा. त्याने चार रॉडांची एक साखळी धरली आणि तिचे शंभर भाग केले, त्यामुळे फर्लांग झाला दहा साखळ्यांचा, मैल ऐंशी साखळ्यांचा आणि एकर झाला बरोबर दहा चौरस साखळ्यांचा. साखळ्यांतला गुणाकार केला, टिंब एक घर डावीकडे सरकवलं की एकर. जुन्या मापाला धक्का न लावता त्याच्या आत दशमान बसवायचं, हे मला फार मोठ्या माणसाचं काम वाटतं.

(फर्लांग या शब्दाचं मूळ म्हणजे नांगराच्या तासाची लांबी. बैल न थांबता जेवढं तास ओढतील तेवढं अंतर. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून "फर्लांगभर चालून गेलं की" म्हणतात, त्या शब्दात बैल आहे हे माहीत नसताना.)

आपल्याकडची साखळी गंटरच्या अर्धी आहे. गंटरची एक चौरस साखळी म्हणजे आपले चार गुंठे, त्याच्या दहा म्हणजे आपले चाळीस, हिशोब तोच. फक्त तिथे शंभर कड्या आणि इथे सोळा आणे. हे सोळा मला आधी मागासलेलं वाटलं होतं, दहा सोडून सोळा कशाला? पण आमच्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी पाठ असायची, त्यांच्यासाठी अर्धं म्हणजे आठ आणे, पाव म्हणजे चार, पाऊण म्हणजे बारा, आणि पावाचा पाव म्हणजे एक आणा. शेताच्या वाटण्या अशाच होतात, अर्ध्याचं अर्धं, त्याचं परत अर्धं. दहाचं अर्धं पाच झालं की पुढे लगेच अडीच, सवा, अपूर्णांकात अपूर्णांक. सोळा चार वेळा निम्मं होतं तेव्हा कुठे एकावर येतं. जुन्या फेरफारात "चार आणे हिस्सा" लिहिलेलं असतं ते हेच. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर पैसे झाले, हळूहळू आणा खिशातून गेला, पण पिकाची आणेवारी लोक अजून आणेवारीच म्हणतात, खरं बोलणाऱ्याचं बोलणं अजून सोळा आणे खरं असतं, आणि टिपणात तर आणा जिथल्या तिथे बसून आहे.

आठ आणे म्हणजे साडेसोळा फूट, म्हणजे बरोबर त्या इंग्रजी रॉडएवढं, हे मला असंच आकडे मांडता मांडता दिसलं. सोळाव्या शतकात याकोब क्योबेल नावाच्या जर्मन लेखकाच्या मोजणीवरच्या पुस्तकात एक रीत दिलीय. रविवारी चर्चमधून बाहेर पडतील तसे सोळा पुरुष थांबवायचे, उंच, बुटके, जसे येतील तसे, त्यांना डावी पावलं एकामागे एक लावायला सांगायची, जी लांबी होईल तो रॉड आणि त्याचा सोळावा भाग म्हणजे सगळ्यांचा मिळून एक फूट. त्या चित्रातली माणसं एकमेकांना चिकटून रांगेत उभी आहेत. एकाच्या पायावर विश्वास नाही, सोळांच्या आहे. तिकडेही सोळाच निघाले.

आपल्याकडे साखळीच्या आधी काठी होती, पाच हात पाच मुठींची. शिवकाळातल्या मोजणीचं वर्णन याच काठीचं आहे, वीस काठ्या लांब वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर. बिघ्याच्या पोटात पांड, वीस पांडांचा बिघा. ही काठी फुटात किती असं लोक इंटरनेटवर विचारतात आणि कुणीतरी तीन दशांशापर्यंत उत्तर देऊन टाकतो. मला ते पटत नाही. हात कुणाचा, मूठ कुणाची? हात आणि मूठ या अंगाच्या गोष्टी आहेत, गावागावात काठी कमीजास्त होणारच, आणि जे माप मुळात एका आकड्याचं नव्हतं त्याला आज आपण एक आकडा चिकटवला की नुसता खोटा नेमकेपणा येतो. बिघ्याचं एकरात रूपांतर करायचं असेल तर आधी कुठला बिघा आणि कुठल्या मुलखातला ते विचारायला पाहिजे.

या घोळातूनच इंग्रजांना एकच लोखंडी माप सगळीकडे हवं झालं. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने मोजणीचं आणि जमाबंदीचं काम हातात घेतलं, १८४७ च्या जॉइंट रिपोर्टात त्या पद्धतीचे नियम पक्के झाले. सारा वसूल करायला केलेली व्यवस्था होती ती, त्याबद्दल माझ्या मनात काही गैरसमज नाही. तरीपण शंकू आणि साखळी घेऊन शेत न शेत पायाखाली घालणारी माणसं आपलीच होती, आणि त्यांच्या हातच्या कागदांवर आज आपली भांडणं सुटतात. शंकू म्हणजे काटकोन धरायचं साधं उपकरण, काठीच्या डोक्यावर एकमेकांना आडव्या दोन फटी. मधल्या रेषेवर उभं राहायचं, एका फटीतून रेषेचं टोक बघायचं, दुसऱ्या फटीतून शेताचा कोपरा दिसला की तिथून लंब टाकायचा. सगळं शेत असं त्रिकोणात आणि पट्ट्यांत मोडायचं. टिपण प्रमाणात काढलेलं नसतं, म्हणून पट्टीने कागदावर मोजून काही मिळत नाही. आकडा हेच टिपण.

आता आमच्या त्रिकोणी पट्टीचा हिशोब करून दाखवतो. पाया ६-१४, लंब ३-४. चौदा आणे म्हणजे पाऊण आणि दोन आणे, ०.८७५. चार आणे म्हणजे पाव. ६.८७५ गुणिले ३.२५ भागिले दोन, उत्तर ११.१७, आणि हे उत्तर थेट गुंठ्यात आहे! फूट नाही, चौरस फूट नाही, कशाने भागायचं नाही. साखळीला साखळीने गुणलं की गुंठाच पडतो. मी पूर्वी करत होतो ते असं: साखळ्यांचे फूट, फुटांचे चौरस फूट, मग १०८९ ने भाग, आणि प्रत्येक पायरीला राउंड ऑफ. आणि टिंब समजून केलं असतं तर? ६.१४ गुणिले ३.४ भागिले दोन, १०.४४ गुंठे. पाऊण गुंठ्याला जरा कमी एवढी जमीन, ७९९ चौरस फूट, फक्त वाचण्यात गेली.

इथे अजून एक खाच आहे, तिच्यात मी एकदा पडलोय. लांबीचा आणा वेगळा आणि क्षेत्राचा आणा वेगळा. गुंठ्याचेही सोळा आणे असतात, पण तो आणा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि लांबीच्या एका आण्याएवढी रुंद पट्टी, ६८ चौरस फुटांची. लांबीचा एक आणा गुणिले लांबीचा एक आणा केलं तर मिळतो सव्वाचार चौरस फुटांचा छोटा चौकोन, असे २५६ मावतात एका गुंठ्यात. शब्द एकच, मध्ये सोळापट अंतर. साखळ्या आणि आणे वेगवेगळे गुणून बेरीज करणारा माणूस हमखास इथे चुकतो, त्यापेक्षा आधी आण्यांचा अपूर्णांक करून घ्यावा, किंवा सगळंच आण्यात न्यावं, ६-१४ म्हणजे ११० आणे, ३-४ म्हणजे ५२, गुणाकार निम्मा केला की २८६०, त्याला २५६ ने भाग. परत ११.१७.

मीटरचं काय? १९५९ पासून फूट म्हणजे बरोबर ०.३०४८ मीटर ठरलाय, म्हणून साखळी १०.०५८४ मीटर आणि आणा ६२.८६५ सेंटिमीटर. साखळी दहा मीटरच्या इतकी जवळ आहे की मोह होतोच. दहा मीटर बाय दहा मीटर म्हणजे एक आर, आणि आमच्या अख्ख्या गावात आर म्हणजे गुंठा असंच बोललं जातं. खरं तर गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, आर १०० चा. लांबीत साडेपाच-सहा सेंटिमीटरचा फरक, क्षेत्रात शेकडा सव्वा पण नाही. एवढ्याने काय होतं?

आमच्या घरात झालं. सातबाऱ्यावर क्षेत्र १ हेक्टर ६२ आर. नानांच्या आणि काकांच्या वाटणीच्या वेळी कुणीतरी म्हणालं, १६२ आर म्हणजे १६२ गुंठे, म्हणजे चार एकर दोन गुंठे. आजोबा तर नेहमी चार एकरच म्हणायचे. मग वरचे दोन गुंठे कुणाचे, यावर दोन सख्खे भाऊ आठ महिने एकमेकांच्या घरी चहाला गेले नाहीत. मी साखळ्यांच्या नादात तो हिशोब परत मांडला. चार एकर म्हणजे १६१.८७ आर. कधीतरी एकरातून हेक्टरमध्ये जाताना ते १६२ झालं, तेवढं चालतं, पण परत येताना कुणी भागाकारच केला नाही, आर पुसून गुंठा लिहिलं. १६२ आरांचे गुंठे होतात १६०.१२. चार एकर आणि वर फक्त साधारण एकशे तीस-पस्तीस चौरस फूट, तेही राउंड ऑफचे. ते दोन गुंठे जमिनीत कधी नव्हतेच. काकांना कागदावर दाखवलं, त्यांनी तीन वेळा माझ्याकडून करून घेतलं आणि मग म्हणाले, नानाला इकडेच बोलाव.

त्या निवृत्त भूकरमापकांचं एक सांगणं माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे: "आधी सोळा, मग तेहतीस, मीटर सगळ्यात शेवटी." म्हणजे ज्या मापात मोजलंय त्याच मापात हिशोब पुरा करायचा, रूपांतर एकदाच आणि शेवटी करायचं. आणि साखळी म्हटलं की किती फुटांची ते आधी विचारायचं, कारण गंटरची ६६ ची, इंजिनिअर लोकांची १०० फुटांची, मीटरमधल्या २० आणि ३० च्या. लॅम्बटन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पहिली आधाररेषा मोजली ती १०० फुटी साखळीने, तो पुढे १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. एकच शब्द, चार वस्तू.

साखळी स्वतः पण एका जागी राहत नाही हे त्यांनीच सांगितलं. कड्या ओढून ओढून झिजतात, सांधे सैल होतात, साखळी वाढते. दोन इंच वाढलेल्या साखळीने एकर मोजला तर कागदावर चाळीस गुंठे येतात पण खाली जमीन सुमारे ४४० चौरस फूट जास्त असते. लांब साखळी कमी मोजते, हे उलटं आहे म्हणून डोक्यात बसायला वेळ लागतो. आता ईटीएस (मोजणीचं इलेक्ट्रॉनिक यंत्र) आणि रोव्हर (उपग्रहांच्या मदतीने जागा सांगणारं यंत्र) आलेत, कोपऱ्याचे आकडे थेट मीटरमध्ये येतात, आणि तरीही ते शेवटी लावून बघायचे असतात त्या जुन्या टिपणाशीच.

दिवाळीनंतर आम्ही तिघे, नाना, काका आणि मी, त्या बांधावर गेलो. काकांच्या शंभर फुटी टेपने टप्प्याटप्प्याने मोजत गेलो. माझ्या वहीत २२६ फूट साडेदहा इंच लिहिलेलं, मी बरोबर तिथे खूण केली. तिथे काहीच नव्हतं, गवत आणि घाणेरीचं झुडूप. नानांनी विळ्याने झुडूप बाजूला केलं, थोडं पुढे जमिनीत रुतलेला दगड होता, डोक्यावर घडवलेला. टेप त्यावर नेला, २२७ फूट आठ इंच. साडेनऊ इंच जास्त. काकांनी माझ्याकडे बघितलं, आणि खरं सांगतो, माझ्या पोटात परत गोळा आला.

मग तिथेच बांधावर बसून भागाकार केला. २२७ फूट आठ इंच म्हणजे ११०.३८ आणे. आमच्या अख्ख्या टिपणात अर्धा आणा कुठेच लिहिलेला नाही, मोजणाऱ्याने पुऱ्या आण्याच्या खाली काही धरलेलंच नाही. २२६.८७५ हे तीन दशांश माझे होते, त्याचे नव्हते. त्याच्या हातात साखळी होती, त्याला एकशेदहाच्या थोडं पुढे दगड दिसला आणि त्याने लिहिलं सहा साखळ्या चौदा आणे.

"मग बरोबर आहे ना?" नानांनी विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हणालो. त्यांनी दगडावरची माती हाताने पुसली आणि टेप गुंडाळायला घेतला.